तुटला धागा

हुडकेश्वर गावातल्या एका लग्नात माझ्या हाती माईक आला आणि फर्माईश झाली, ‘तुटला धागा जोडून देतो, दार उघड राणी.’ या एका गाण्यावर मी रंगमंचावर तीस वर्षं वन्समोर घेतले. नवरी काजलची आजी अनुसयाबाई, उमरेडची जुनी विणकर, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“गाऊ नका.”

“काहून वं बाई? प्रेमाचं गाणं आहे.”

“प्रेमाचं? तुमच्या पेटीमास्तर ईश्वरदासले मी लग्नाले नाही म्हटलं, तर त्यानं माह्या मागावरचा ताणा कापला. हजारो धागे. आठ दिवस मी गाठी मारून राहिली होती, अन् तो दाराबाहेर हेच गाऊन राहिला होता. जोडले का पुन्हा कापे. शेवटी बापानं मागच विकला. माह्या नातीच्या मांडवात हे नाही पाहिजे.”

हे गाणं मला ईश्वरदासनेच शिकवलं होतं, हळुवार, डोळे मिटून. मी माईक खाली ठेवला. मांडवात हुर्यो उडाली. म्हाताऱ्याचा गळा गेला, असं कोणीतरी ओरडलं.

मी हात जोडले. “नाही गात, बाई.”

“तीस वर्षं गायलंच नं,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून नवरीकडे गेली.