रविवारचे जंत

दात खाणं म्हणजे पोटात जंत, हे आमच्या घरात कुणी तपासून बघत नाही. त्यामुळे नोकरीला लागलेली माझी मुलगी सकाळी दातावर दात रगडताना दिसली, तेव्हा मी इंदिरानगरच्या दुकानातून वावडिंग आणलं. ती जबडा चोळत बसायची, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, खिडकीतलं ऊनही तिला सोसायचं नाही. मी काढा देत राहिले. ती निमूट प्यायची. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण लहानपणी याच काढ्यासाठी ती घर डोक्यावर घ्यायची.

एका रविवारी ती घरी आली तीच तापाने फणफणलेली, काहीबाही बरळत. दवाखान्यात तिच्या मैत्रिणीने रडत सांगितलं, शनिवारच्या पार्टीत नशेची गोळी घेतली होती, आणि पहिल्यांदा नव्हे.

डॉक्टरांनी मला विचारलं, "दात कधीपासून खाते?"

"तीन महिने झाले. दर रविवारी."

"फक्त रविवारी?"

मुलगी वाचली. मला मात्र अजून स्वतःचाच राग येतो. जंत वार बघून होत नाहीत, हे कळायला डॉक्टर लागतो का?