एकटीने सांभाळलेली शाळा

“या वेळी ट्रेनिंगला घरत मॅडमना पाठवतोय,” केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले. मी “बरं सर” म्हणाले. पण आतून भडकाच उडाला होता.

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. आमची शाळा पनवेल तालुक्यात, आपट्याच्या अलीकडे. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि दोन शिक्षिका, मी आणि शीतल घरत. पूर्वी ट्रेनिंग सगळ्यांना मिळायचं. मग सरकारने खर्चाला कात्री लावली आणि केंद्रातून एकानेच जायचं, असं ठरलं. त्याने शिकून यायचं, बाकीच्यांना शिकवायचं. विषय होता पहिलीच्या मुलांना वाचायला कसं शिकवावं. पहिली माझ्याकडे, आणि निवड हिची!

“सर, पहिली मी शिकवते,” मी शेवटी बोललेच.

“मॅडम, तुमची रिटायरमेंट जवळ आली. त्यांची नोकरी अजून पुष्कळ आहे.”

अंगाचा तिळपापड झाला. शीतलचा मात्र आनंद पोटात मावत नव्हता. निघताना तिने विचारलं, “मॅडम, तुम्हाला एकटीला जड जाईल ना?” तिला खरंच काळजी वाटत होती. त्याचा तर मला जास्तच राग आला.

मी मनाशी ठरवलं, हिच्यावाचून काही अडत नाही हे सगळ्या केंद्राला दिसलं पाहिजे. चारही वर्ग एका खोलीत आणले. चौथीच्या मुली दुसरीचे पाढे घेत होत्या. व्हरांड्यात मुलांचा भाजीबाजार भरवला. कवायत घेतली, परसबागेत वाल लावले. आणि रोज केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले. शीतलने तिकडून ट्रेनिंगचा एक फोटो टाकला की माझे दोन तयार. खाली अंगठे आणि टाळ्यांची रांग लागायची. घरी पोहोचेपर्यंत माझे पाय सुजलेले असायचे, पण ते फोटोत कुठे दिसतं?

शीतल पिशवीभर चित्रकार्डं आणि खेळ घेऊन परत आली. “मॅडम, बसूया का? तुम्हाला सगळं दाखवते,” ती सारखी म्हणायची. आणि मी दर वेळी म्हणायचे, “नंतर बघू गं.” हिच्याकडून शिकायचं? मी?

तेवढ्यात संचमान्यता आली. म्हणजे पट, अर्थात मुलांची संख्या पाहून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं. आसपासची मुलं बसने पनवेलच्या इंग्रजी शाळांत जाऊ लागल्यामुळे आमचा पट अगदी काठावर होता. अशा शाळांना दुसरा शिक्षक खरंच हवा का, असा अभिप्राय केंद्रप्रमुखांकडून मागवला होता. मी धावत गेले.

“सर, आमचं दुसरं पद वाचवा. एकटीच्याने चार वर्ग होत नाहीत.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, तुमचे फोटो मीच वर तालुक्याच्या साहेबांना पाठवले होते. साहेब म्हणाले, या बाई एकट्या इतकं छान करतात, मग दुसरं पद कशाला?”

नोकरीत नवी ती शीतल, म्हणून ती अतिरिक्त ठरली. तिचं समायोजन, म्हणजे गरज असलेल्या दुसऱ्या शाळेत बदली, पनवेल शहराजवळ झाली. घरापासून दहा मिनिटांवर! जाताना तिने कार्डं माझ्या टेबलावर ठेवली. ती कशी वापरायची हे तिलाच ठाऊक.

दुसऱ्या आठवड्यात पहिलीतल्या सानवीची आई फाटकाशी आली. “बाई, त्या मॅडम आता येनार नाय का? मंग आमी पोरीला पनवेलला टाकतो. तुमी तरी किती जनांकडं बघनार?” पटातून एक नाव कमी झालं.

परवा शीतलचा फोन आला. “मॅडम, इथे आम्ही सात जणी आहोत. रजा घेतली तरी कुणाला कळत नाही.” मी म्हटलं, “वा, मजा आहे तुझी.” फोन ठेवल्यावर बराच वेळ चडफडत बसले.

आता पुढचं ट्रेनिंग जाहीर झालंय, तेच, वाचनाचं. मी लगेच सरांना फोन केला. म्हटलं, या वेळी तरी माझं नाव घाला.

“तुम्हाला कसं पाठवू, मॅडम?” सर म्हणाले. “एकशिक्षकी शाळा तुमची. तुम्ही ट्रेनिंगला गेलात तर शाळेला कुलूप लागेल.”

नोकरीच्या शेवटी एवढं शिकले. खर्चकपातीच्या दिवसांत कुणाचा कितीही हेवा वाटो, एकटीला काम झेपतं हे सरकारला कळू देऊ नये.