चौथ्या लेनचे काका

"बोट दिसलं!" असं म्हणून काका घड्याळाचा खटका दाबायचे. शर्यत संपत आली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते टँकच्या काठावर असे वाकायचे, की आता हेच पाण्यात पडणार असं तुम्हा-आम्हाला वाटावं. पोहणाऱ्याचं बोट भिंतीला टेकलेलं दिसल्याशिवाय त्यांचा अंगठा हलत नसे. शनिवार पेठेतल्या एका कचेरीतून ते निवृत्त झालेले. आमच्या पोहण्याच्या क्लबात वेळ नोंदवायला वर्षानुवर्षं चौथी लेन त्यांची. उरलेला वेळ इतरांचा अपमान करण्यात जायचा. "तिसऱ्या लेनवाले, घड्याळ हातात आहे ना? मग गप्पा पलीकडे जाऊन मारा."

मी तेव्हा नुकताच आयटीत लागलो होतो. म्हणजे रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून हिंडत होतो. परदेशात टँकच्या भिंतीवर टचपॅड असतात, हात लागला की घड्याळ आपोआप थांबतं, हे कुठेतरी वाचलं आणि क्लबला म्हणालो, "त्यात काय, मी बनवतो."

चार महिने खपून बनवलेही. काकांनी एक पॅड उलटसुलट करून पाहिला. "छान आहे. पोळपाट म्हणूनही चालेल."

अडचण एकच होती. लाट आपटली तरी घड्याळ थांबायचं. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मी सॉफ्टवेअरमध्ये दाबाची मर्यादा वाढवली. लाटांचा त्रास मिटला. हलका हात लागला तर घड्याळ थांबेल का, हे पाहावं असं काही मला सुचलं नाही. मी माझाच हात आपटून पाहिला, आणि माझा हात म्हणजे कीबोर्ड फोडणारा.

चाचणीतल्या पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. चौथ्या लेनमधली मुलगी झोपलेल्या माणसाला उठवावं तशी हळूच भिंतीला हात लावायची. तिनं हात लावला. काका ओरडले, "बोट दिसलं!" फलकावरचे आकडे मात्र पळतच राहिले. दमून तिनं भिंतीवर भार टाकला, तेव्हा कुठे थांबले. यंत्रानं तिला तिसरी ठरवलं.

"अहो, दुसरी आहे ती. मी पाहिलंय."

पंचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो, यंत्र चुकतं का?"

समोर लॅपटॉपवर दोन नोंदी दिसत होत्या. आधी मर्यादेखालचा एक हलका दाब, मग मोठा. काकांची वेळ पहिल्या नोंदीशी जुळत होती. मी लॅपटॉप मिटला.

"डोळे चुकतात काका," मी म्हणालो. "यंत्राला डोळेच नाहीत." हे वाक्य तेव्हा मला फार चमकदार वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात काका डोळे तपासून आले. "डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. डॉक्टरच बदलायला हवा." मग नवा चष्मा झाला, त्यानंतर आणखी एक. त्यांचं घड्याळ क्लबच्या कपाटात गेलं. क्लबनं माझा सत्कार केला. ती शाल अजून आहे. थंडीतही अंगावर घेववत नाही.

अकरा वर्षांनी, काका विश्रांतवाडीला लेकीकडे राहायला गेल्यावर, मी तिथे जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडतील किंवा माफ करतील, अशी दोन्हींची तयारी करून गेलो होतो.

"त्या पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"मग इकडे कशाला आलात? चहा घ्या आणि निघा."

मी चहा घेतला, निघालो आणि सरळ घरी आलो. पुढच्या वर्षी काका गेले. त्यानंतरही मी दोन वर्षं घालवली.

ती मुलगी आता वाघोलीला मुलांना पोहायला शिकवते. शेवटी एकदाचा तिच्या टँकवर गेलो आणि बोललो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका दर दिवाळीला घरी यायचे," ती म्हणाली. "तुला उगाच आशा लावली, माफ कर, म्हणायचे. शेवटच्या दिवाळीला मात्र माफीबिफी काही नाही. मांडी ठोकून बसले, चिवडा खाल्ला, आईला म्हणाले, मीठ कमी आहे. मी विचारलं, आज स्वारी एवढी खुशीत? तर म्हणाले, 'एक माणूस तुला काहीतरी सांगायला येणार आहे. मी सांगणार नाही. त्याचं त्याला सांगू दे.'"

ती पाण्याकडे पाहत होती.

"मी म्हटलं, आणि नाहीच आला तर? म्हणाले, 'येईल गं. वाईट नाहीये तो. भित्रा आहे.'"