थंड कपाळ

शाळा उघडण्याचा आदेश आला त्या दिवशी मुख्याध्यापक सरांनी बादलीत चुना भिजवला आणि व्हरांड्यापासून फाटकापर्यंत जमिनीवर गोल काढायला घेतले. एका गोलापासून दुसरा सहा फुटांवर. मी टेप धरून पुढे, ते ब्रश घेऊन मागे. एकतीस गोल झाले तेव्हा ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मॅडम, मुलं यात उभी राहतील असं वाटतं तुम्हाला?"

"दोन मिनिटं राहतील," मी म्हणाले.

मुलं आली आणि उभी राहिली. प्रार्थना होऊन वर्गात पाठवेपर्यंत राहिली. तोंडाला कापड बांधलेली एकतीस मुलं, आणि एकाचाही आवाज नाही. सोळा वर्षं मी शिकवत होते, पण शाळेचा पहिला दिवस इतका मुका कधी पाहिला नव्हता. सरांना आनंद झाला. "बघा, किती शहाणी झाली पोरं," ते म्हणाले. मला मात्र ते काही बरं वाटलं नाही.

वडिवळे धरणाच्या पलीकडे एका वाडीत आमची ही दोन शिक्षकी शाळा. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मी लोणावळ्याहून स्कूटरवर यायचे, कामशेतपर्यंत हमरस्ता आणि पुढे धरणाच्या कडेनं आत. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. साखरेचा आजार जुना, त्यामुळे डबा वेगळा, गोळ्या वेगळ्या, पण कुरकुर नाही. पावणेदोन वर्षं शाळा बंद होती तेव्हा हा माणूस घरोघरी फिरून ओट्यावर मुलांना शिकवत होता.

माझ्या वर्गातल्या मुलांनी शाळा आतून पाहिलीच नव्हती. दुसरीतली मुलंसुद्धा कागदावर पहिली पास झालेली. मास्क बचत गटाच्या बायकांनी उरल्यासुरल्या ब्लाउजपिसांचे शिवले होते. बोललं की ते नाकावरून घसरायचे, मग मुलं ते एका हातानं धरून दुसऱ्या हातानं लिहायची. मी त्यांना फक्त डोळ्यांवरून ओळखायला शिकले. आवाज कुणाचा आला ते कळायचं नाही. प, ब, म शिकवताना एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमचं तोंड दिसत न्हाई, मग म कसा म्हनायचा?" मी मागे भिंतीपर्यंत सरकले, मास्क खाली केला, ओठ मिटून दाखवले आणि लगेच वर केला. नियम मोडल्यासारखं वाटलं.

दुसरीत एक मुलगी होती. तिचा मास्क वडिलांच्या कंपनीतला, मोठा पांढरा, बाजूनं गाठ मारून लहान केलेला. वडील वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर होते. ही मुलगी बोलायची कमी, पण पाटीवर अक्षर असं काढायची की पाहत राहावं.

रोज सकाळी फाटकात मी मुलांच्या कपाळासमोर तापाची बंदूक धरायचे आणि आकडा वाचायचे. सर शेजारी उभे राहून तो वहीत लिहायचे. डिसेंबरच्या थंडीत आकडे तसे खालीच यायचे, पंच्याण्णव, शहाण्णव. एका सोमवारी त्या मुलीचा आला ब्याण्णव.

"बंदूक बिघडली का?" सर म्हणाले. त्यांनी स्वतःच्या कपाळावर धरली. ठीक होती. "थंडी फार आहे," म्हणत त्यांनी ब्याण्णव लिहिलं.

मंगळवारी पुन्हा ब्याण्णव. या वेळी मला तिच्या कपाळावरचे केस ओले दिसले. भुवईवर पाण्याचा एक थेंब अडकलेला होता. डोळ्यांच्या कडा लाल होत्या. मुलांना हात लावायचा नाही अशी सूचना होती, मी लावला नाही. बुधवारी केस पुन्हा ओले. मी आकडा वाचला, सरांनी लिहिला आणि ती आत गेली.

मला कळलं होतं. नेमकं काय ते नाही, पण त्या कपाळामागे काहीतरी आहे एवढं कळलं होतं. मी गप्प का राहिले ते आज सांगते. एक नाव पुढे केलं असतं तर शाळा बंद झाली असती. मुलं आत्ता कुठे आवाज करायला लागली होती. सर रोज आपल्या वर्गाच्या दारात उभे राहून तो आवाज ऐकत. आणि दुसरं, घरी माझे अब्बा होते, म्हातारे, दम्याचे. मी शाळेतून काही घेऊन जात असेन हा विचारच मला करायचा नव्हता. बुधवारी घरी गेल्यावर मी दोनदा साबणानं हात धुतले आणि त्यांच्यापासून लांब बसून जेवले. अब्बांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, दमलेय."

गुरुवारी दुसऱ्या तासाला त्या मुलीनं बाकावर डोकं टेकलं. मी तिला व्हरांड्यात बोलावलं.

"सकाळी डोक्यावरून अंघोळ केलीस का गं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग केस ओले कसे?"

तिनं खाली पाहिलं. "आई फडकं ठेवती. थंड पान्याचं. रस्त्यानं डोक्याला धरून आनती आन् फाटकाच्या अलीकडं काढून घेती."

मी तिच्या कपाळाला हात लावला. भाजत होतं.

"घरी कोण आजारी आहे?"

"सांगायचं न्हाई म्हनलीया आई."

मी कपाळावरचा हात तसाच ठेवला. तीच म्हणाली, "बाबा हायेत. आतल्या खोलीत. लय जोरात श्वास घेत्यात. मला तितं जायचं न्हाई."

मी तिला व्हरांड्याच्या टोकाला सावलीत बसवलं आणि सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुम्हाला कधीपासून संशय होता?"

"आजच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलांना घरी सोडलं, कपाटातून ऑक्सिमीटर काढला आणि चपला घालायला लागले. मी म्हटलं, "सर, तुम्ही थांबा, मी जाऊन येते. तुम्हाला शुगर आहे." ते म्हणाले, "बाईमाणसानं एकटीनं जायचं काम नाही हे. आणि माझ्या हाताखाली शिकलाय तो. माझं ऐकेल."

मुलगी पुढे, आम्ही मागे. भातखाचरं कापून मोकळी पडलेली, रस्त्याला कुणी नाही. घराचं दार लोटलेलं होतं. तिची आई बाहेर आली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"तुमी कशाला आला बाई? पोरगी तर शाळंत यतीया रोज."

"तिला ताप आहे."

"न्हाई. थंडीचं हाय ते."

"ताई, त्याला कधीपासून त्रास होतोय?" सरांनी विचारलं.

तिनं मुलीकडे पाहिलं, तेव्हा मुलगी माझ्या मागे सरकली. मी विचारलं, "अंगात ताप असताना शाळेत पाठवलीच कशाला? घरी ठेवायची होती."

"घरी ठिवली आसती तर दोन दिसानं तुमी आला आसता इचारायला," ती म्हणाली. "मंग समद्यांना कळलं आसतं. पहिल्या लाटंत मुंबईवरनं आलेल्या घराला काय केलं ते तुमाला म्हाईत न्हाई का? रस्त्यावर काटं टाकलं व्हतं. हापशावर येऊ दिलं न्हाई."

सर म्हणाले, "बाजूला व्हा, ताई." आवाज न चढवता म्हणाले. तिनं हात खाली घेतले.

आतल्या खोलीला खिडकी होती, पण तिला गोणपाट लावलेलं. त्या अंधारात तो माणूस भिंतीला पाठ लावून बसला होता, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. सहा दिवस झाले होते. लस घेतली नव्हती. ताप येतो, खाडा पडतो, म्हणून पुढे ढकलत राहिला होता. सर त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले, त्याचं बोट हातात घेतलं आणि ऑक्सिमीटर लावला. एक्क्याऐंशी. सरांनी तो काढून स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. सत्त्याण्णव. पुन्हा त्याला लावला. ऐंशी.

"सर," तो म्हणाला आणि थांबला. "कंपनीत... कळवू नका."

"नाही कळवत. तू बोलू नकोस."

मी बाहेर येऊन रुग्णवाहिकेला फोन केला. ती यायला तासभर लागला. तेवढा वेळ सर आत त्याच्याजवळच बसून होते. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा म्हणाले, "याला एकट्याला सोडवत नाही." गाडी आली, पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली, तेव्हा समोरच्या घराची खिडकी लागली. मग शेजारची. गाडी वळून निघून गेल्यावर वाडीत कोंबडीचासुद्धा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची गाडी शाळेत आली. मुलांना एकेक करून खुर्चीत बसवलं आणि नाकातून नमुना घ्यायला मास्क काढायला लावले. त्या दिवशी मी माझ्या वर्गातली तोंडं पहिल्यांदा पाहिली. कुणाचे दात पडलेले, कुणाच्या ओठाला जुना व्रण, एकीच्या गालावर खळी. सगळी रडत होती. जी मला हसरी वाटत होती ती तशी नव्हतीच, तिचे डोळेच तसे होते.

ती मुलगी, तिची आई आणि आणखी दोन मुलं बाधित निघाली. मुलांना कुणाला फारसं काही झालं नाही, चार दिवस ताप येऊन गेला. शाळा बंद झाली. माझी तपासणी चांगली आली तरी मी लोणावळ्याच्या घरी वरच्या खोलीत राहिले. अब्बा ताट पायरीवर ठेवायचे आणि खाली जाऊन खोकायचे. त्यांचा खोकला नेहमीचाच होता. पण मी प्रत्येक वेळी श्वास रोखून ऐकायचे, आजचा वेगळा तर नाही ना. अब्बांना काही झालं नाही.

रविवारी सरांचा फोन आला. "मॅडम, घसा जरा बसलाय. दोन्ही डोस झालेत, तुम्ही घाबरू नका." सोमवारी ते बाधित असल्याचं कळलं. मी रोज फोन करायचे. पहिल्या दिवशी ते मुलांच्या गृहपाठाबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वडिलांबद्दल, "तो सुधारतोय म्हणे." तिसऱ्या दिवशी दोनच वाक्यं. चौथ्या दिवशी फक्त "हं". पाचव्या दिवशी फोन त्यांच्या मुलीनं उचलला आणि ती काही बोलायच्या आधीच मी पायरीवर बसले. तळेगावच्या एका दवाखान्यात त्यांना दाखल केलं होतं. तिथून ते परत आले नाहीत.

तो माणूस तीन आठवड्यांनी घरी आला. बारीक झालेला, काठी घेऊन. तोवर वाडीनं ठरवून टाकलं होतं की सरांना या घरानं मारलं. त्यांच्या वाटेवर खरंच काटे पडले. मी वाडीतल्या जाणत्या आबांकडे गेले. म्हटलं, "सर त्या घरात आपणहून गेले, माझ्यासमोर. आजार कुठूनही लागू शकतो. त्यांना दोष देऊ नका."

"ते खरं हाय बाई," आबा म्हणाले. "पन लपवून बसली न्हवं ती? दोन दिस आदी बोलली आसती तर?"

दोन दिवस. मला ते शब्द स्वतःवर घेता आले असते. मी उठले, नमस्कार केला आणि निघून आले.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रभारी मुख्याध्यापिका मीच होते. तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आई दाखला मागायला आली. वराळ्याला भाड्यानं खोली घेतली होती. मी रजिस्टर काढलं, लिहायला लागले आणि मला राहवेना.

"मला मंगळवारीच कळलं होतं," मी म्हणाले. "तिचे केस ओले होते. मी बोलले नाही."

ती दचकली नाही. "म्हाईत हाय," म्हणाली. "पोरगी घरी यिऊन सांगायची. बाई माज्याकडं बघत व्हत्या, पन काय बोलल्या न्हाईत. मला वाटलं, बाईंना समजलंय आन् त्या सांबाळून घेत्यात. म्हून तर मला धीर आला. न्हाईतर मंगळवारीच यांना दवाखान्यात नेनार व्हते मी."

माझा पेन थांबला. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं दाखला घेतला, शिक्का वाळेपर्यंत हवेत धरला आणि पिशवीत ठेवला. "यांचा जीव वाचला तुमच्यामुळं," जाता जाता म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

माझी आता दुसरीकडे बदली झाली आहे. वर्षातून एकदा मी सरांच्या घरी जाते. त्यांची मुलगी चहा करते आणि दर वेळी कुठून तरी तोच प्रश्न निघतो. बाबा त्या घरात गेलेच कशाला? मी सांगते, ते मला एकटीला जाऊ देत नव्हते. ती मान हलवते. बाबा तसेच होते, म्हणते. मग आम्ही दुसरं काहीतरी बोलतो. मंगळवार आणि बुधवार मी तिला अजून सांगितलेले नाहीत.