पायऱ्यांवर बसलेली आई

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला तिला स्टूल लागत नसे, म्हणून वर्गात तिचं नाव शिडी पडलं. आज ती दवाखान्यांच्या, वाचनालयांच्या, पाळणाघरांच्या भिंती रंगवते. स्वतःच्या मालकीच्या शिड्या आहेत, पण आम्हा वर्गमित्रांच्या लेखी खरी शिडी तीच.

सुरुवात झाली ती शाळेच्या सभागृहाबाहेरच्या भिंतीवर. आम्ही नववीत असताना चित्रकलेच्या सरांनी तिथे बाजाराचा रस्ता रंगवायला काढला. भिंत लांबलचक, म्हणून डावं टोक सरांनी घेतलं आणि उजवं शिडीला दिलं. आमच्याकडे ब्रश धुवायचं खातं होतं. सर उंचीनं बेताचे. दोघांनीही रस्त्याची रेघ आपापल्या कमरेइतकी धरली. मोजपट्टी कुणी लावली नाही, कारण मोजून चित्र काढणाऱ्याला सर गवंडी म्हणत. दोन्ही रस्ते मधोमध येऊन ठेपले तेव्हा सरांचा खाली राहिला होता आणि शिडीचा चांगला हातभर वर.

ब्रश धुणारं खातं पोट धरून हसलं. सर मात्र गंभीर होते.

"तुझी बाजू पुसून टाक."

"सर, मधे पायऱ्या काढू?"

"भर रस्त्यात पायऱ्या कशाला?"

"लोक चढतील."

सरांनी आपला ब्रश तिच्या हातात दिला, म्हणजे परवानगी मिळाली.

पायऱ्या झाल्या, पण ओक्याबोक्या दिसत होत्या. त्याच दुपारी शिडीची आई शाळेच्या नाटकाचे कपडे शिवून घेऊन आली. काकूंचं घरीच शिवणकाम होतं आणि आमच्या निम्म्या वर्गाचे गणवेश त्यांच्या मशीनखालून गेलेले. गाठोडं भलतंच जड असावं. ते बाजूला ठेवून त्या व्हरांड्यातल्या स्टुलावर टेकल्या, हात मांडीवर सोडून. त्या उठेपर्यंत शिडीनं त्यांना भिंतीवरच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं होतं.

ते चित्र लोकांना आवडलं, आणि त्यातही पायऱ्यांवरची बाई. नाटक बघायला आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी शिडीला आपल्या दवाखान्याची भिंत देऊ केली. "अशीच निवांत बसलेली माणसं काढ," ते म्हणाले, "माझ्याकडे खरी कुणी तशी बसत नाहीत." त्या भिंतीवरून पुढची मिळाली, पुढचीवरून कला महाविद्यालयाची वाट सापडली, आणि शिडी कायमची रंगात गेली.

घरी मात्र वेगळंच ऐकू येई.

"सगळ्या गावासमोर मला रिकामटेकडी करून ठेवलीये," काकू म्हणत. "जन्मात कधी अशी हात सोडून बसले नाही."

"आई, तू बसली होतीस. मी बघून काढलंय."

"दम खात होते. दम खाणं वेगळं, बसणं वेगळं."

त्यानंतर शाळेचं शिवण त्या फाटकावरच देऊन परत फिरत. त्या भिंतीकडे म्हणून जात नसत. शिडीला गावोगावच्या लोकांनी वाखाणलं, पण आईच्या तोंडून एक साधं 'बरं आहे' ऐकायचं राहिलं होतं. ती बोलून दाखवत नसे, पण नवी भिंत झाली की आधी आईला फोटो दाखवी आणि वर, "तुला आवडणार नाहीच," असं स्वतःच म्हणून टाकी.

गेल्या वर्षी सभागृहाला आणखी एक दार पाडायचं ठरलं, तेही नेमकं पायऱ्यांच्या जागी. मुख्याध्यापिकाबाईंनी चाचरत फोन केला. शिडी म्हणाली, "पाडा. पायऱ्या मी दारावर काढीन." मग आईला सांगितलं, "या वेळी तुझ्या हातात सुईदोरा देते."

"उशिरा का होईना, अक्कल आली," काकू म्हणाल्या. दार दोन फळ्यांचं असणार हे कळल्यावर त्यांनी बजावलं, "फट माझ्यातून जायला नको. मला उभी चिरू नकोस." सुताराला कुरकुरत एक फळी रुंद आणि एक अरुंद करावी लागली.

रंगकाम संपत आलं तेव्हा शिडीनं काकूंना शाळेत आणलं. सुई धरलेले हात बघून काढायचे होते. आता काकूंचे गुडघे बोलतात, मशीनवर झाकण असतं. दारावर तरुण काकू बसल्या होत्या, गाठोडं शेजारी, हात मांडीवर. हात बदलून त्यांत सुईदोरा आणि कापड काढायचं तेवढं बाकी होतं.

काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही फार दमलेली दिसते गं."

"होतीसच दमलेली."

"मग तिला आणखी काम कशाला देतेस?"

शिडीनं ब्रश खाली घेतला. "तूच म्हणत होतीस ना इतकी वर्षं?"

"मी काय, शंभर गोष्टी म्हणते. बसू दे तिला." मग त्या पुढे झाल्या. "खांद्यावर ही सुरकुती कसली? माझ्या शिवणीत असली सुरकुती दाखव बरं. ती पुसून टाक."

शिडीनं सुरकुती पुसली. काकू स्टूल ओढून दारासमोरच बसल्या. तालमीला निघालेली पोरं धावत आली, तर त्यांनीच हात आडवा केला.

"पलीकडच्या दारानं जा रे. रंग ओला आहे."