झाकण उघडंच होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ कदाचित जमेल. बघतो.

गोष्ट तशी एका मशीनची आहे. नाशिकला मी आणि आई राहतो त्या भाड्याच्या घरात टेबलाखाली एक काळा डबा असतो, घरचा सर्व्हर. म्हणजे मोठं काही नाही, चोवीस तास चालू राहणारा एक कॉम्प्युटर. सायखेडा गावातल्या मुलांसाठी मी गणिताचे पाठ रेकॉर्ड करतो. ते त्यात ठेवलेले असतात, मुलं आपापल्या फोनवर बघतात. इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या जागेत ठेवण्यापेक्षा स्वतःच्या घरात ठेव, ही कल्पना मृणालची. मशीनही तिनंच बांधलं. सुटे भाग निवडण्यापासून शेवटचा स्क्रू पिळण्यापर्यंत सगळं.

मृणाल कोण, ते कसं सांगू? कॉलेजातली मैत्रीण म्हटलं की झालं का? आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला मी कीबोर्डला हात लावायला घाबरायचो. बिघडलं तर भरून कोण देणार, हाच विचार. बाकीची मुलं हसायची. मृणालनं एके दिवशी सरळ माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, आतला एकेक भाग बोट लावून दाखवला आणि म्हणाली, "बघ दत्ता, यात चावणारं काही नाही." त्या वाक्यावर मी पदवीपर्यंत पोचलो असं म्हटलं तर तुम्हाला वाढवून सांगितल्यासारखं वाटेल. मला तसं वाटत नाही.

पुढे ती सातपूरच्या एका कंपनीत लागली, मी ज्युनिअर कॉलेजात शिकवायला. तिला नोकरीत राहायचं नव्हतं. छोटे दवाखाने, वकिलांची ऑफिसं, अशांना त्यांच्या जागेतच असे सर्व्हर बांधून द्यायचे, सांभाळायचे, हे तिच्या डोक्यात होतं. गंगापूर रोडचे दोन डॉक्टर तर तिच्याकडूनच करून घ्यायला तयार होते. पण ती घाई करणारी नव्हती. "तुझं मशीन माझा पहिला नमुना," ती म्हणाली होती. "दिवाळीपर्यंत न अडता चाललं की राजीनामा टाकते. आधी माझी खात्री, मग लोकांचा डेटा."

म्हणजे काय पणाला लागलं होतं, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी विसरलो नव्हतो.

मशीन श्रावणात पहिल्यांदा अडलं. ज्या एसएसडीवरून, म्हणजे सगळं साठवणाऱ्या चपट्या डबीवरून, ते सुरू होतं, ती मदरबोर्डला, आतल्या मुख्य पाटीला, दिसेनाशीच झाली. काळ्या पडद्यावर एक ओळ, सुरू करायला काही सापडत नाही अशी. रविवारी मृणाल आली. मी डब्याच्या बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं. तिनं बटण दाबलं आणि मशीन मुकाट्यानं सुरू झालं. दोन तास चाललं. ती गेली, मी झाकण लावलं, बुधवारी पुन्हा तेच. पुढच्या रविवारी तिनं एसएसडीची केबल बदलली. पुन्हा तेच.

मग एका संध्याकाळी मी झाकण बसवत होतो आणि माझ्या हाताखालीच मशीन बंद पडलं. झाकण काढलं, वाकून पाहिलं. एसएसडीत खोचलेल्या केबलचं डोकं सरळ बाहेर येत होतं, आणि झाकण त्यालाच दाबत होतं. दाबलं की पिन हळूहळू सुटायची. झाकण उघडं असलं की सगळं ठीक. इतकंच होतं. एसएसडी दुसऱ्या खणात सरकवली असती तर प्रश्न मिटत होता.

मी फोन हातात घेतला. तिचं नाव काढलं. आणि—

आणि मनात आलं, मग रविवारी ती कशाला येईल?

मी केबल तशीच ठेवली. झाकण दाबून लावलं.

त्या रविवारी तिनं चटईवर बसत विचारलं, "एक सांग, बंद पडलं तेव्हा झाकण लावलेलं होतं का?" तिच्या डोक्यात बरोबर तेच आलं होतं. दुरुस्ती करणारा माणूस वापरणाऱ्याच्या उत्तरावरच पुढे जातो, कारण बिघाड झाला तेव्हा तो तिथे नसतो. मी म्हणालो, "नाही. उघडंच होतं."

हेच ते खोटं. एवढंच बोललो मी. तिनं मान हलवली आणि झाकणाचा विचार कायमचा सोडून दिला. दत्ता खोटं बोलेल, हे तिच्या मनात कशाला येईल?

नंतरचे रविवार... ते कसे होते हे सांगायचा मला हक्क आहे का? तरी सांगतो. ती केसांची क्लिप काढून कॉलरला अडकवायची. मी टॉर्च धरायचो. आई थालीपीठ करायची आणि दारातून टोमणे मारायची, "दत्तू, तुजं यंत्र लय शाणं हाय. बरोबर रविवार बघून आजारी पडतं." एकदा तर मृणालला म्हणाली, "पोरी, ते राहू दे. ह्यालाच उघडून बघ, ह्याच्यात काय अडकलंय ते." मृणाल हसली, म्हणाली, "काकू, याची वॉरंटी संपलीय." मीही हसलो. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते फक्त सुख. आठवडाभर मी त्या तीन तासांसाठी जगायचो. तिला मागणी घालायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी तिला बिघाड देत राहिलो.

आणि ती शोधत राहिली. मदरबोर्डवरचा पोर्ट बदलला, मशीन सुरू करणारं बायोस नवं केलं, पॉवर सप्लाय बदलला, दुसरी एसएसडी लावून पाहिली. शेवटी तसाच दुसरा बोर्ड कुठून तरी पैदा केला, तोही पदरचे पैसे घालून. प्रत्येक वेळी तिच्यासमोर मशीन नीट चालायचं. प्रत्येक वेळी ती गेल्यावर मी झाकण लावायचो. तिचा आवाज दर रविवारी थोडा कमी व्हायचा. मला ते ऐकू येत होतं. नाही कसं येणार? मी तर तिचाच आवाज ऐकायला बसलेला असायचो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिनं स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. "मला एक साधं मशीन कळत नाही, दत्ता. उद्या डॉक्टरांकडे पेशंटचे रिपोर्ट असे अडकले तर मी काय तोंड दाखवू?" कंपनी तिला हैदराबादच्या ऑफिसात बदली देत होती. ती आजवर नाही म्हणत आली होती. आता हो म्हणून टाकलं होतं. मग ती म्हणाली, "बरं झालं तुझ्याकडेच कळलं. तू कधी चिडला नाहीस. दुसऱ्या कुणी ऐकवलं असतं."

केबल माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. झाकण पलंगाला टेकवून ठेवलेलं होतं. दोन वाक्यं पुरली असती. ती हैदराबादला गेली नसती—कदाचित माझं तोंडही पुन्हा पाहिलं नसतं, पण तिचं काम तिच्या हातात राहिलं असतं. मी टॉर्च बंद केली आणि तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो.

ती गेल्यावर मी एसएसडी दुसऱ्या खणात लावली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेव्हापासून मशीन एकदाही अडलेलं नाही. तिनं बांधलेलं मशीन उत्तम आहे. ते मला माहीत आहे, तिला नाही.

आई अजून रविवारी पीठ जरा जास्त मळते, मग उरलेलं झाकून ठेवते. मी टेबलाशी बसतो. तिथल्या चटईवर आता कुणी बसत नाही.

सणासुदीला मृणालचा मेसेज येतो. ती आता हैदराबादच्या ऑफिसात कुणाच्या तरी हाताखाली रिपोर्ट तपासते. आता कुठलंच मशीन उघडत नाही, असं तिनंच एकदा लिहिलं होतं. शेवटी ती नेहमी विचारते, "तुझं मशीन कसं आहे?" नीट चालतं म्हणालो तर ती विचारेल, काय होतं मग? म्हणून मी लिहितो, "चालतं, पण अधूनमधून अडतं."

परवाही तेच लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं. "वाटलंच मला. मीच बांधलंय ना ते."