आठव्यांदा ‘पत्रा’

शरीफचा फोन आला तेव्हा मी सुगतवर रागावलेलोच होतो. चार दिवस आमचं बोलणं बंद होतं. “दिग्या, सुगत न्हाई राह्यला रे. सकाळी उठलाच न्हाई,” एवढं सांगून शरीफ रडायला लागला. मला आधी रडू नाही आलं, संताप आला... भांडण अर्धवट टाकून जायची ही कुठली रीत?

‘कोरडवाहू’ हा आमचा तिघांचा रॉक बँड. सुगत गिटार वाजवायचा आणि गायचा, शरीफ बेसवर, मी ड्रमवर. कॉलेजात असताना कळमनुरीत माझ्या वडिलांच्या हळदीच्या गोदामात सुरू केला. सुगतचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे, म्हणून गळा त्याला घरातूनच मिळालेला. हट्ट मात्र त्याचा स्वतःचा. लग्नात वाजवायचं नाही, दुसऱ्याचं गाणं वाजवायचं नाही.

आमचं पहिलं गाणं ‘पत्रा’, तापलेल्या छपराखाली पोती वाहणाऱ्या हमालांचं. गोदाम रिकामं असताना रेकॉर्ड केलं, आणि असं काही घुमलं की हिंगोलीपर्यंतची पोरं त्यावर नाचली. तिथं थांबावं की नाही माणसानं? पुढच्या खेपेला रेकॉर्ड केलं तेव्हा नवी हळद आलेली, पोती छताला टेकलेली. सगळा घुमारा पोत्यांनी पिऊन टाकला. पुण्याच्या कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, बँड आता अंतर्मुख झाला आहे. अंतर्मुख कसला डोंबलाचा, हळद होती ती! मी पोट धरून हसलो. सुगतला मात्र ते पटलं. तेव्हापासून त्यानं हमालांची पाठ सोडली नाही. ही थप्पी इकडं लावा, ती तिकडं न्या. एकदा वडील खेकसले, “अरे, माल इकायचा हाय का वाजवायचा?” हा शांतपणे म्हणाला, “काका, फक्त चार पोते डावीकडं घ्या.”

सव्वीस वर्षांत त्यानं ‘पत्रा’ सहा वेळा बदललं. एकदा पेटी घातली, एकदा शब्दच काढले, आणि दर वेळी चाल आणखी संथ. मी दर वेळी म्हणायचो, पहिलं एकदा परत वाजवू. तो ‘बघू’ म्हणायचा. सातव्या ‘पत्रा’त तर माझे ड्रम थेट शेवटाला!

“आन् तवर मी काय करू? काहून बसू नुसता?”

“दोन कडवे गप बसलास तर मरशील का?”

मी फोन ठेवून दिला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

महिन्याभरानं त्याच्या आठवणीसाठी आम्ही गोदामात जमलो. मी शरीफला बजावलं, पहिलं ‘पत्रा’ वाजवायचं, पुऱ्या वेगात. आता अडवणारं कोण होतं? “बराबर हाय,” शरीफ म्हणाला, “तुझी जिद पुरी कर.” मी कांड्या हातात घेतल्या, तेवढ्यात वहिनी सुगतचा मोबाइल घेऊन आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, हे जायच्या आदल्या दिवशी तुमच्यासाठी करून ठेवलं होतं. पाठवायला लाजत होते.”

रेकॉर्डिंगमध्ये गिटार नव्हती, गाणं नव्हतं. तो नुसता बोटांनी कसल्यातरी डब्यावर वाजवत होता. दोन मिनिटं गेल्यावर मला कळलं, हा तर माझा ठेका. पहिल्या ‘पत्रा’चा, एकही ठोका न गाळलेला, फक्त फार संथ. मग त्याचा आवाज आला, “हितं मी न्हाई. शरीफ बी न्हाई. दिग्या एकटाच वाजवील... अन् दिग्या, घाई करू नको.”

त्या दिवशी आम्ही काहीच वाजवलं नाही. मी ड्रमवर डोकं टेकून सगळ्यांसमोर रडलो. इतकी वर्षं मी पहिलं गाणं मागत होतो, आणि त्यानं ते दिलं तेही स्वतःला त्यातून काढून. कुणी मागितलं होतं असं? मला तो हवा होता त्यात, त्याच्या त्या कर्कश गिटारीसकट.

आता वडिलांचं हळदीचं दुकान मी चालवतो, ते बंद केलं की गोदामात जाऊन बसतो. आठवं ‘पत्रा’ अजून एकदाही पूर्ण झालेलं नाही. अर्ध्यावर हात पळायला लागतात. मग सुगतला एक सणसणीत शिवी देतो, आणि पुन्हा पहिल्या ठोक्यापासून सुरू करतो.